सातपुड्याचा बैल आणि सातपुड्याचे बियाणे

(जळगाव येथे कार्यकर्ते व त्यांचे कुटुंबीय यांच्यापुढे झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या विषयाचे नाव पत्रिकेवर 'डोंगरी भागातील देशी पशुधन व पारंपरिक पीकवाण यांचे संवर्धन' असे छापले आहे. नाव भारदस्त आहे. भारदस्त नावाचा एक तोटा असतो. श्रोत्याला तो विषय दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो. शास्त्रज्ञाचा, सरकारचा, फार तर एखाद्या संस्थेचा. म्हणून मी आरंभ सातपुड्यापासून न करता तुमच्या चुलीपासून करणार आहे.

थंडी पडू लागली की जळगाव-भुसावळ-यावलच्या मळ्यामळ्यांतून काड्यांच्या जाळावर वांगी भाजली जातात. हिरवट-पांढरे, हातभर नसले तरी तळहाताला जड लागणारे, थोड्या बियांचे ते वांगे. त्याचे भरीत आणि सोबत कळण्याची भाकरी. पुण्या-मुंबईला गेलेला आपला माणूस सुटीला परतताना आईला आधी फोन करून वांगी मिळाली का, हे विचारतो. आता मला सांगा, हे वाण टिकावे म्हणून या जिल्ह्यात कुणी परिषद भरविली? कुणी मोर्चा काढला? शेकडो संकरित वांगी बाजारात आली, लांबट आली, जांभळी आली, काटे नसलेली आली. पण बामणोदकडचे हे वाण हटले नाही. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ते चांगलेच झाले. परंतु मानांकन येण्यापूर्वी पिढ्यान्‌पिढ्या ते वाण जिवंत राहिले ते एकाच कारणाने. आपण ते खातो, आणि दुसरे वांगे दिले तर गृहिणी ते परत करते.

माझे सारे भाषण या एका वांग्यात आले, असे समजायला हरकत नाही. तरीही अध्यक्षांनी वेळ दिला आहे, तेव्हा थोडे विस्ताराने बोलतो.

मी पशुवैद्य. आयुष्याची तीसेक वर्षे खानदेशात नोकरी केली. त्यांतली पुष्कळशी डोंगरालगतच्या तालुक्यांत. नोकरीत मी जे केले ते आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचे बोलणे उपदेश वाटणार नाही. आमच्या त्या काळातल्या कामाचे दोन भाग होते. विदेशी वळूंच्या वीर्याने गावोगावच्या गाईंचे कृत्रिम रेतन करायचे, आणि गावातले 'कमी प्रतीचे' गावठी वळू खच्ची करायचे. उद्दिष्ट ठरलेले असे. महिनाअखेरीस आकडे भरून पाठवायचे. मी दोन्ही कामे मन लावून केली. कौतुकही झाले. पाड्यावर गेलो की लोक आपणहून गोऱ्हे धरून आणीत, कारण सरकारी डॉक्टर सांगतो ते भल्याचेच असणार, अशी त्यांची श्रद्धा. आपण काय खच्ची करीत आहोत, याची नोंद एकदाही केली नाही. त्या जनावरांचे वर्णन, मापे, रंग, काही नाही. फक्त संख्या.

हे सारे धोरण मूर्खपणाचे होते, असे मात्र मी म्हणणार नाही. १९७० साली दुधाचा महापूर योजना सुरू झाली तेव्हा या देशात दूध कमी होते आणि मुले पुष्कळ होती. सपाटीवर, विहिरीच्या पाण्यावर हिरवा चारा होतो तिथे, संकरित गाईने हजारो कुटुंबांना रोजचा पैसा दिला. गांधीजींबरोबर १९४६ साली उरुळीकांचनला गेलेले मणिभाई देसाई तेथेच राहिले. त्यांनी १९६७ साली 'बाएफ' ही संस्था स्थापन केली. गीर गाईवर जीव असलेल्या या माणसाच्या संस्थेने गावोगावी संकरीकरण नेले, आणि पुढे त्याच संस्थेने धडगावच्या डोंगरात देशी बियाण्यांचे काम हाती घेतले. यात मला विसंगती दिसत नाही. अनुभवाने शहाणी होणारी माणसे अशीच चालतात. चूक झाली ती एवढीच की सपाटीवरचे औषध आम्ही तपासल्याविना डोंगरावर नेले.

डोंगर म्हणजे कोणता? आपल्या घराच्या गच्चीवरून स्वच्छ दिवशी उत्तरेला जी निळी रेघ दिसते, तो. रावेर, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी अर्थात धडगाव. आत भिल्ल, पावरा, बारेला, तडवी अशा आपल्या वनवासी बांधवांचे पाडे. जमीन उतरती, मातीचा थर टीचभर, खाली मुरूम. पाऊस चार महिने धो धो आणि आठ महिने थेंब नाही. या उतारावर ट्रॅक्टर उभा राहत नाही. तिथे औत ओढतो तो लहान चणीचा, आखूड पायांचा, कठीण खुरांचा बैल. दगडातून चालतो, उन्हाळ्यात पाचोळ्यावर दिवस काढतो, गोचिडाला फारसा भीत नाही. गाय दूध देते ते वासरापुरते आणि घरातल्या लहान मुलापुरते; लिटरच्या हिशेबात ती नापासच. म्हणून आम्ही तिला नापास केले. तिच्या पोटी संकरित गोऱ्हा जन्मला, तो आकाराने मोठा झाला, पण वशिंड खुजे, जूं मानेवर नीट बसेना, उन्हात धापा टाकी, आणि चढाला गुडघे टेकी. दुसऱ्या वर्षी त्याच घरात नांगरायला बैल नव्हता. मी तिथे जाऊन हे पाहिले आहे. त्या घरातल्या कर्त्या माणसाने मला चहा पाजला आणि गोऱ्ह्याबद्दल एक अक्षर काढले नाही. त्याचे ते न बोलणे मला आजही आठवते.

या डोंगरी जनावराला नाव काय? दप्तरात त्याचे नाव 'अवर्णित' असे आहे. खिल्लार, डांगी, देवणी, गवळाऊ, लाल कंधारी या जातींना नाव आहे, नोंद आहे. खिल्लारचाच एक खानदेशी प्रकार जुन्या इंग्रजी ग्रंथांत 'तापी खिल्लार' किंवा 'थिल्लारी' म्हणून वर्णिलेला आहे. पांढरा रंग, नाकपुडी आणि खूर गाजरी-गुलाबी. सातपुड्यातील थिल्लारी नावाचे व्यावसायिक पशुपालक तो पैदा करीत, असेही त्यांत लिहिले आहे. डोंगरापलीकडे खरगोन-बडवानी भागात निमाडी. गीरचा तांबूस रंग आणि खिल्लारचा काटकपणा एकत्र आलेली जात. आपल्या बैलबाजारांत हे निमाडी बैल आपण पाहिले आहेत. पण पाड्यावरच्या लहान गाईला कुणी नाव दिले नाही. आणि ज्याला नाव नाही त्याची गणतीही नीट होत नाही. २०१९ च्या पशुगणनेत २०१२ च्या तुलनेत देशातला विदेशी व संकरित गोवंश सुमारे २७ टक्क्यांनी वाढला आणि देशी व अवर्णित गोवंश सुमारे ६ टक्क्यांनी घटला. त्या ६ टक्क्यांत सातपुड्याची गाय किती, हे त्या आकड्यातून कळत नाही. ती 'अवर्णित'च्या ढिगात पडली आहे.

आता जनावरापासून बियाण्याकडे वळतो. कारण डोंगरात या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. बैलाला कडबा लागतो, आणि कडबा उंच ज्वारीचा होतो. १९६४ साली 'सीएसएच-१' ही देशातली पहिली संकरित ज्वारी आली. ठेंगणी, लवकर येणारी, दाण्याला भरघोस. तिने सपाटीवर उत्पादन वाढविले, हे मान्यच. पण ठेंगणी म्हणजे कडबा कमी. आणि लवकर येणारी म्हणजे तिचे कणीस परतीच्या पावसात सापडणार, दाणा काळा पडणार. डोंगरातल्या बाईने पिढ्यान्‌पिढ्या जी खरीप ज्वारी निवडली, तिचे कणीस मोकळे, फांद्या सुट्या, खाली झुकलेले असते. पाऊस पडला तर पाणी निथळून जाते, बुरशी धरत नाही, आणि पाखराला बसायला भक्कम आधार मिळत नाही. ताट पुरुषभर उंचीच्या वर जाते. तिला शेतकी महाविद्यालयातली पदवी नव्हती, परंतु एका कणसात तिने पावसाचा, पाखराचा आणि बैलाचा असा तिन्हींचा विचार केला होता. ठेंगणी ज्वारी डोंगरात गेली तिथे दाणा थोडा वाढला, काळा पडला आणि दावणीला चारा उरला नाही. चारा नाही म्हणून बैल विकला. बैल नाही म्हणून भाड्याने नांगरट, तीही उतारावर मिळत नाही. मग ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला. दिवाळीनंतर घरे बंद होतात, आणि बंद घरातले बियाणे सांभाळायला कुणी नसते. जी कणसे चुलीवरच्या धुरात टांगून ठेवायची, ती टांगायला चूलच पेटत नाही. एक वाण संपण्यासाठी दोन वर्षांचे स्थलांतर पुरते. धडगाव-अक्कलकुव्याच्या कुपोषणाच्या बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचतो. त्या बातम्यांची एक मुळी अशी कणगीपर्यंत जाते.

मक्याबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण आपल्यातल्या काहींना ती रुचणार नाही. सातपुड्याच्या पाड्यावर छताला बांधलेली मक्याची कणसे पाहिलीत तर पांढरी, पिवळी, लाल, काळपट-जांभळी असे रंग दिसतील. आपण त्यांना देशी मका म्हणतो. मका मूळचा मेक्सिकोचा. सोळाव्या शतकानंतर तो इकडे आला. मिरची, भुईमूग यांचीही कथा तीच. मग देशी म्हणजे काय? माझे उत्तर असे की या मातीत, या पावसात, आपल्या आयाबायांनी दरवर्षी हाताने निवडून ज्याला आपलेसे केले ते देशी. जन्माचा दाखला दुय्यम. उलट गीर गाय भारतातलीच, पण सौराष्ट्रातील. ती सातपुड्याच्या चढावर परकीच आहे. या वाक्याकडे मी पुन्हा येणार आहे.

कुणी म्हणेल, एखाद्या पाड्यावरचे वाण गेले तर बिघडले काय? धुळ्याचेच उदाहरण घ्या, कारण बाजरीच्या संशोधनात धुळ्याचे नाव देशभर आहे. १९६५ साली 'एचबी-१' ही पहिली संकरित बाजरी आली. तिचे मादीवाण अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातले. त्यानंतरच्या अनेक संकरित बाजऱ्यांना मादीवाण तेच. उत्पादन उंचावले, आणि १९७० नंतरच्या दोन-चार वर्षांत केवड्याने, ज्याला आपल्याकडे गोसावी म्हणतात, सारी झोपविली. आई एकच, म्हणून दुबळेपणही एकच. कणसाच्या जागी हिरवी पालवी फुटलेली शेतेच्या शेते त्या काळातल्या शेतकऱ्यांनी पाहिली आहेत. आता याची दुसरी बाजू. आज लोहयुक्त म्हणून जिचा गौरव होतो ती 'धनशक्ती' बाजरी ज्या वाणातून निवडली, ते वाण पश्चिम आफ्रिकेतील टोगो देशाच्या उत्तर भागातल्या एका गावठी बाजरीतून निघाले आहे. टोगोतल्या कुणा शेतकरीणीने आपली बाजरी टाकून दिली असती, तर आपल्या अंगणवाडीतल्या मुलाच्या भाकरीत ते लोह आले नसते. तिचे नाव कुणालाच माहीत नाही.

१९७० साली अमेरिकेतही मक्यावर करपा आला आणि एका हंगामात पिकाचा सातवा हिस्सा गेला, कारण बहुतेक मक्यात एकाच प्रकारचा वंश घातला होता. आपल्याकडे २०१७ साली बीटी कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली तेव्हा खानदेशातल्या शेतकऱ्याजवळ दुसरे काय होते? आजोबांच्या काळातली देशी कपाशी कोणत्या घरात शिल्लक होती? केळीचेही तसेच. रावेरच्या बागांमधून कुकुंबर मोझॅक विषाणूने झाडे उपटून टाकावी लागली, तेव्हा मैलोगणती एकाच वाणाची रोपे उभी होती.

दुसऱ्या महायुद्धात लेनिनग्राडला जवळजवळ नऊशे दिवस वेढा पडला होता. त्या शहरात वाव्हिलोव्ह नावाच्या थोर वैज्ञानिकाने जगभरातून गोळा केलेला बियाण्यांचा संग्रह होता. स्वतः वाव्हिलोव्ह त्या वेळी स्टालिनच्या तुरुंगात होता. १९४३ साली तो तिथेच मेला. इकडे त्याचे सहकारी तांदूळ, गहू, कडधान्ये यांच्या पोत्यांशेजारी बसून उपासमारीने मेले, पण बियाण्याला त्यांनी हात लावला नाही. मी ही कथा सांगतो तेव्हा टाळ्या पडतात, म्हणून लगेच पुढचे सांगतो. संग्रहात उणे अठरा अंशांवर ठेवलेले बी जिवंत राहते खरे, पण ते झोपलेले असते. गेल्या वीस वर्षांत पाऊस कसा बदलला, नवी कीड कोणती आली, हे त्याला माहीत नसते. शेतात दरवर्षी पेरले जाणारे बी मात्र दरवर्षी शिकते. दिल्लीची राष्ट्रीय पेढी हवी, २०२२ साली महाराष्ट्र शासनाने जनुककोशासाठी पाच वर्षांकरिता १७२ कोटींची तरतूद मंजूर केली तेही योग्य. पण ती विम्याची पॉलिसी झाली. संसार शेतातच करायचा असतो.

असा संसार काही जण करीत आहेत. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. धडगाव भागातही गेल्या दीड-दोन दशकांत पाड्यांच्या बियाणे बँका उभ्या राहिल्या. तिथल्या बियाणे संवर्धन समितीने नाव घेतले ते याहामोगी मातेचे. सातपुड्यातल्या लोकांची ही कुलस्वामिनी, महाशिवरात्रीला देवमोगऱ्याला तिची यात्रा भरते आणि भाविक नव्या टोपलीतून तिच्यापुढे धान्य नेतात. बँकेचा नियम साधा. बियाणे घ्या, हंगाम झाला की दुप्पट परत करा. व्याजाचा दर शंभर टक्के आणि तरी कर्जदार आनंदी, अशी ही जगातली बहुधा एकमेव बँक. २००१ च्या पीकवाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपले बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा, इतकेच नव्हे तर छापाविना विकण्याचाही अधिकार दिला आहे. वाण जपणाऱ्या समाजाला १० लाखांचा पुरस्कारही त्याच व्यवस्थेत आहे. हे आपल्या कार्यकर्त्यांना पाठ असायला हवे. पाड्यावर अजून अनेकांना वाटते की घरचे बी विकणे गुन्हा आहे.

आता त्या राखून ठेवलेल्या वाक्याकडे येतो, आणि थोडे कठोर बोलतो. आपल्याच माणसांत बोलतो आहे, म्हणून बोलतो.

आपण गोसेवा करतो. या सभागृहात असे अनेक जण आहेत ज्यांनी स्वतःच्या खिशातून गोशाळेला चारा दिला, रात्री-अपरात्री जखमी जनावर उचलून आणले. त्यांच्यापुढे माझे हात जोडलेलेच आहेत. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात बैल आणि वळू यांच्या हत्येलाही बंदी आली. ३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य शासनाने देशी गाईला 'राज्यमाता-गोमाता' घोषित केले आणि गोशाळांना देशी गाईमागे दिवसाला ५० रुपयांचे साहाय्य ठरविले. या साऱ्यातून जीव वाचतात. पण जीव वाचविणे आणि वंश वाचविणे या भिन्न गोष्टी आहेत. वंश वाचतो तो योग्य वळू आणि योग्य गाय यांच्या संततीतून, आणि ती संतती कामाला लागल्याने. गोशाळेत काय असते? भाकड, म्हातारी, चुकलेली, पकडून आणलेली, सर्व जातींची जनावरे एकत्र. आणि कुणा दानशूराने दिलेला एक देखणा गीर वळू सर्वांमध्ये मोकळा. दहा वर्षांत तिथे जे जन्मते ते ना गीर, ना खिल्लार, ना गावठी.

थोडे गणित सांगतो. विद्यार्थी बसले आहेत, ते पडताळून पाहतील. नर आणि मादी यांचा गुणाकार करा, त्याला चारने गुणा, आणि दोहोंच्या बेरजेने भागा. एक वळू आणि चाळीस गाई असतील तर उत्तर जेमतेम चार येते. म्हणजे दिसायला एकेचाळीस जनावरांचा कळप, पण आनुवंशाच्या हिशेबाने चार जनावरांइतकाच. काही पिढ्यांत बाप-लेकीचे, भावा-बहिणीचे संबंध होऊन तो खंगतो. त्याच चाळीस गाईंना दहा वळू असतील तर उत्तर बत्तीस. मी आयुष्यभर जे खच्ची केले ते हे वळू होते, हे गणित मला निवृत्तीनंतर समजले.

दुसरी गोष्ट. अलीकडे सद्हेतूने वनवासी कुटुंबांना गीर गाय दान देण्याची प्रथा निघाली आहे. शहरात गीरच्या दुधाला आणि तुपाला चढा भाव आहे, 'ए-टू' ही अक्षरे डब्यावर असली की आणखी चढा. ए-टू हे दुधातल्या एका प्रथिनाचे रूप. ते बहुतांश भारतीय गाईंत असतेच, त्यात गीरचा मक्ता नाही, आणि तुपाशी तर त्याचा संबंध फारच थोडा. पण आपली कल्पना अशी झाली आहे की देशी गाय म्हणजे गीर. परिणामी आम्ही पूर्वी जर्सीने जे केले, तेच आता गीरने होते आहे. भरभक्कम अंगाच्या गाईला उतारावर चारा पुरत नाही. तिचा वळू पाड्यावरच्या लहान गाईला फळला तर वासरू मोठे होऊन प्रसूती अडते. गीर सौराष्ट्रात वाढावी, जळगावच्या मळ्यात वाढावी, मला आनंदच आहे. डोंगरावर डोंगराची गाय हवी. दान द्यायचेच असेल तर त्या पाड्यातला उत्तम गावठी गोऱ्हा हेरा, तो विकला जाऊ नये म्हणून त्याच्या चाऱ्याचा खर्च उचला, तीन वर्षांनी तो दुसऱ्या पाड्याला द्या आणि तिथला इकडे आणा. एका वळूचा वर्षाचा चारा म्हणजे शहरातल्या एका वाढदिवसाचा खर्च. फलक लावायला जागा मिळणार नाही, एवढी अडचण आहे.

आणि त्या गाईला नाव मिळवून द्या. गडचिरोलीकडच्या लहान गाई अशाच अवर्णित होत्या. मापे घेतली, वर्णन लिहिले, कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे पाठविले, आणि २०२३ च्या आरंभी 'काठाणी' ही स्वतंत्र जात म्हणून घोषित झाली. त्याच वेळी 'पूर्णाथडी' म्हैस नोंदली गेली. ही पूर्णा म्हणजे आपल्या चांगदेवला तापीला मिळणारीच. वऱ्हाडने आपल्या म्हशीला नाव मिळवून दिले आणि आपण नदीच्या खालच्या काठावर बसून राहिलो. हे काम अवघड नाही. मोजपट्टी, कॅमेरा, वही, आणि पाड्यावर चार वेळा जाण्याची तयारी असलेले वीस तरुण. पशुवैद्य मी देतो. माझ्यासारखे सेवानिवृत्त आणखी चौघे तयार आहेत. पोळ्याच्या दिवशी गावचे सारे बैल सजून एकत्र येतात, त्या दिवशी नोंद सर्वांत सोपी.

भगिनींसाठी वेगळे सांगत नाही, कारण भरिताचे वांगे तुम्हीच टिकविलेत. तापीकाठच्या काळ्या जमिनीतली दादर ज्वारी अजून पेरली जाते तीही शहरातल्या गिऱ्हाइकामुळे. दादरची भाकर हवी म्हणून दोन पैसे जास्त मोजणारी बाई आहे, म्हणून. धडगावच्या गावठी आंब्यांची झाडे अजून तुटली नाहीत, कारण आमचूर विकला जातो. डोंगरातल्या मोकळ्या कणसाच्या ज्वारीला, रंगीत मक्याला, भगरीला मात्र शहरात खाणारे तोंड नाही. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाले; त्या वर्षी आपल्याकडे भरडधान्याची बिस्किटे पुष्कळ खपली. पाड्यावरून पोतेभर ज्वारी मात्र कुणी आणली, असे मला आढळले नाही. शंभर कुटुंबांनी मिळून वर्षाला दहा-दहा किलो ठरवून घेतली आणि पेरणीपूर्वीच तसे कळविले, तरी एका पाड्याची पेरणी बदलते. एक टन म्हणजे फार नाही.

शेवटी एक आठवण सांगून थांबतो. निवृत्तीनंतर धडगावकडे गेलो असता एका आजींनी छताची कणसे दाखविली. प्रत्येकाचा उपयोग निराळा. हा लाह्यांना, हा भाकरीला, हा पाऊस लांबला तर उशिरा पेरायला. त्यांतल्या जांभळ्याचे मूठभर दाणे त्यांनी माझ्या रुमालात बांधले आणि बजावले, "डॉक्टर, दुप्पट परत आणायचे." मी जळगावात घरामागच्या जागेत ते लावले. ताटे दहा फुटांवर गेली, निम्मी वाऱ्याने आडवी झाली. जी उभी राहिली त्यांच्या कणसांत अर्धे दाणे पिवळे निघाले, कारण पलीकडच्या शेतात संकरित मका होता आणि मक्याचे परागकण वाऱ्याबरोबर जातात. दोन मका वाणांत दोनशे मीटर तरी अंतर हवे, हे पुस्तकात मी वाचले होते. माझी जागा वीस मीटरची. ते दाणे घेऊन मी ओशाळून परत गेलो. आजींनी कणीस सोलून पाहिले, खूप हसल्या, नातवंडांना बोलावून दाखविले. पिवळे-जांभळे सगळे त्यांनी कोंबड्यांना टाकले आणि छताचे दुसरे कणीस काढून पुन्हा माझ्या रुमालात बांधले. या वेळी ते मी त्याच पाड्यावर, त्यांच्या मुलाच्या बांधावर पेरायला दिले आहे. दिवाळीआधी काढणी आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी सभेनंतर माझ्याकडे नाव द्यावे. चोपड्याहून पुढचा रस्ता वळणांचा आहे, तेव्हा पहाटे पाचला निघावे लागेल.